तिसऱ्या घंटेनंतर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

या स्टुडिओत शिरताना इथल्या ताईंनी मला सांगितलं, "तो लाल दिवा लागला की बोलायला सुरुवात करा. खोकायचं असेल तर आत्ताच खोकून घ्या." मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. गेली चाळीस वर्षं मी दुसऱ्यांना हेच सांगत आलोय. फरक एवढाच, की दिवा लागल्यावर बोलायची पाळी आज पहिल्यांदा माझ्यावर आली आहे.

मी नाटकात असतो. आपल्या शहरातलं संत एकनाथ रंगमंदिर म्हणा, निराला बाजारातलं तापडिया नाट्यमंदिर म्हणा, तिथं नाटक बघायला तुम्ही आला असाल तर आपण एका छपराखाली दोन-अडीच तास काढलेले आहेत. पण तुम्ही मला पाहिलेलं नाही. पाहिलं असेल तर त्या दिवशी माझं काहीतरी चुकलेलं असणार.

लग्नाकार्यात भेटणारी माणसं हमखास विचारतात, "तुम्ही नाटकात असता ना? काय काम करता?" पहिली काही वर्षं मी "रंगमंच व्यवस्थापक" असं भारदस्त उत्तर देत असे. त्यावर पुढचा प्रश्न यायचा, "म्हणजे खुर्च्या लावता का?" आता यात खोटं काही नाही, खुर्च्याही लावतो. मग मी उत्तर बदललं. "काय काम करता?" असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, "काही नाही. ते नाटक करतात, मी बघत उभा राहतो." लोक हसायचे, विषय संपायचा. हे उत्तर मी बरीच वर्षं वापरलं. ते मी का सोडलं, ते पुढं सांगतो.

आधी काम काय असतं ते सांगतो. नाटक रात्री नऊला असलं तर आमचा दिवस सकाळी नऊला सुरू होतो. टेम्पो येतो. त्यातून घर उतरतं. म्हणजे अक्षरशः घर. भिंती, दारं, खिडक्या, जिना, देव्हारा. लाकडी चौकटीवर प्लाय किंवा कापड ताणलेलं असतं, त्याला आम्ही फ्लॅट म्हणतो. दोन फ्लॅट बिजागरीनं जोडायचे, मागून तिरकी लाकडी टेकण द्यायची, तिच्यावर वजन ठेवायचं. तुम्हाला समोरून देशमुखांचा वाडा दिसतो. मागून बघाल तर वाड्याला सिमेंटची दोन पोती आणि एक जुना दगडी वरवंटा तोलून धरून उभे असतात.

मग प्रॉपर्टी. नाटकात पात्र ज्याला ज्याला हात लावतं ती प्रत्येक वस्तू. विंगेत मी एक टेबल लावतो, त्यावर कागद अंथरतो आणि प्रत्येक वस्तूची आकृती पेनानं काढून ठेवतो. चष्म्याच्या जागी चष्मा, काठीच्या जागी काठी. पात्र येतं, वस्तू उचलतं, परत आलं की त्याच चौकोनात ठेवतं. म्हणजे ठेवावी अशी अपेक्षा असते. नट मंडळी संवाद विसरत नाहीत, पण दुसऱ्या अंकात लागणारी किल्ली पहिल्या अंकातल्या कोटाच्या खिशात हमखास विसरतात. जुनी घड्याळं, कंदील, टाइपरायटर असल्या वस्तूंसाठी मी जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात इतका फिरलोय, की तिथले काही विक्रेते मला भंगारवाला समजतात. एकानं तर मला धंद्यातला माणूस म्हणून सवलतही दिली.

एकदा एका नाटकात मुलाला वडिलांचं शेवटचं पत्र येतं आणि ते वाचताना तो कोसळतो, असा प्रसंग होता. नाटकातलं पत्र कोरं ठेवायचं नाही, त्यावर मजकूर लिहून ठेवायचा, असा माझा नियम. ऐनवेळी विसरला तर नटाला आधार असतो. त्या दिवशी पत्र सापडेना. तिसरी घंटा झालेली. मी खिशात हात घातला, हाताला लागला तो कागद घडी करून पाकिटात सरकवला. ते माझ्या घरचं लाइटचं बिल होतं. त्या पोरानं ते उघडलं, क्षणभर बघितलं आणि सगळं पत्र पाठ म्हटलं. डोळ्यातून घळाघळा पाणी. प्रयोगानंतर मी माफी मागायला गेलो तर म्हणतो, "काका, रोज मला रडू येत नाही. आज रक्कम बघितली आणि आपोआप आलं."

मी जिल्हा परिषदेत कारकून होतो. आमची खरी धावपळ राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत, म्हणजे बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरात. त्या काळात माझ्या रजेच्या अर्जावर कारण ठरलेलं, 'मामेभावाचे लग्न'. अकरा वर्षांनी आमच्या साहेबांनी विचारलं, "एकूण मामा किती आहेत तुम्हाला?" मी म्हटलं, "साहेब, उद्या दोन पास आणून देतो." तेव्हापासून रजेला कारण लागलं नाही.

आता तुम्हाला 'सोड'ची गोष्ट सांगतो. ही गोष्ट मी शेकडो वेळा सांगितली असेल. ८६ साली एका तालुक्याच्या गावी आमचा प्रयोग होता. तिथला पडदा गुंडाळीचा. दोरी ओढली की वर जायचा, सोडली की धाडकन खाली. दोरीवर गावातलाच एक मुलगा उभा केला. त्याला मी दुपारभर शिकवलं, "मी 'सोड' म्हटलं की सोडायचं. दुसरा कुठलाही शब्द ऐकायचा नाही." पोरगं आज्ञाधारक. दुसऱ्या अंकात, नायिका विष घेणार की नाही अशा ऐन क्षणी, विंगेत आमचा एक नट दुसऱ्याशी चहाच्या पैशांवरून कुजबुजत भांडत होता. दुसरा म्हणाला, "जाऊ दे, सोड ना यार!" आणि पडदा खाली. नायिका पडद्याच्या पुढं, विष पडद्याच्या मागं. प्रेक्षकांना वाटलं नाटक संपलं, ते उठायला लागले. मी दोरीकडं धावलो. तो मुलगा अभिमानानं म्हणाला, "बरोबर सोडला ना?"

इंग्रजी रंगभूमीवर विंगेत शिट्टी वाजवू देत नाहीत, हे मला पुढं कळलं. पूर्वी तिथं पडदे वर-खाली करायला जहाजावरचे खलाशी असत आणि त्यांच्या खुणा शिट्टीच्या असत, असं सांगतात. कुणी गंमत म्हणून शिट्टी वाजवली की डोक्यावर पडदा यायचा. हे वाचलं तेव्हा बरं वाटलं. आमच्या तालुक्याच्या पोरासारखी आज्ञाधारक माणसं लंडनलाही होती म्हणायची. मी मात्र तेव्हापासून विंगेत 'सोड' हा शब्द कुणाला उच्चारू देत नाही.

आमचे लाइटवाले चाचा शहागंजचे. तीस वर्षं माझ्याबरोबर. मराठी नाटकाचं पान अन् पान त्यांना पाठ, पण बोलायचे आपल्या गावच्या दखनीत. मी घाबरलो की म्हणायचे, "साब, टेन्शन नक्को लो." २००५ नंतरची ती भारनियमनाची वर्षं तुम्हाला आठवत असतील. एका स्पर्धेत आमच्या नाटकाच्या शेवटी नायक एकटा उरतो आणि हळूहळू अंधार होतो, असं होतं. त्या दिवशी हळूहळू वगैरे काही नाही, नायकाच्या वाक्याच्या मध्येच खाड्‌कन अंधार. वीज गेली होती. नट हुशार, तो अंधारातच वाक्य पुरं करून गप्प राहिला. क्षणभर शांतता आणि मग टाळ्यांचा कडकडाट. नंतर एक जाणकार गृहस्थ आत येऊन चाचांचा हात हातात घेऊन म्हणाले, "काय धक्का दिलात हो शेवटी!" चाचा नम्रपणे म्हणाले, "साब, वो तो बिजली बोर्ड की मेहेरबानी."

आमच्या धंद्यात चुका लपवता येतात त्या नटांच्या जिवावर, हेही सांगायला हवं. एका गंभीर नाटकात, घरात अन्नाचा कण नाही असा प्रसंग चालू असताना, थिएटरमधली मांजर शांतपणे रंगमंच ओलांडून चालली. प्रेक्षकांत खसखस सुरू झाली. मी विंगेतून 'शुक शुक' करतोय आणि मांजर माझ्याकडं बघून तिथंच बसली. आईचं काम करणाऱ्या बाई खाली वाकल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तूही उपाशीच का गं?" खसखस थांबली. पुढच्या प्रयोगाला दिग्दर्शकानं मला विचारलं, "मांजराची व्यवस्था करता येईल का?"

सूत्रधार हा शब्द मला आवडतो. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ५ नोव्हेंबर १८४३ ला 'सीतास्वयंवर' केलं, त्या नाटकांत सूत्रधार सबंध वेळ रंगमंचावर, लोकांच्या समोर उभा असायचा. आज व्यावसायिक नाटकाच्या जाहिरातीत खाली बारीक अक्षरांत 'सूत्रधार' म्हणून जे नाव छापतात ते बहुधा प्रयोगाची व्यवस्था बघणाऱ्याचं असतं. दीडशे-पावणेदोनशे वर्षांत सूत्रधार मधोमध होता तो विंगेत आला, पण नाव टिकलं.

काही नाटकं आमच्यासारख्यांनी केवळ हात जोडून बघावीत. 'तो मी नव्हेच'चा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ ला दिल्लीत झाला. अत्र्यांचं नाटक, रांगणेकरांचं दिग्दर्शन, फिरता रंगमंच आणि प्रभाकर पणशीकर पाच वेगवेगळ्या रूपांत. लोक पणशीकरांना टाळ्या वाजवत आणि त्या योग्यच होत्या. पण मी ते नाटक पाहिलं तेव्हा माझं लक्ष एकाच गोष्टीकडं होतं. रंगमंच फिरतोय तेवढ्यात आत कुणीतरी एक माणूस पुढचा कोट उलगडून, बाही बरोबर बाजूला धरून उभा असणार. त्या माणसाला मी मनातल्या मनात टाळी दिली. उलट १९७२ चं 'घाशीराम कोतवाल'. त्यात माणसांचीच भिंत. भिंत गाते, नाचते आणि काम झालं की स्वतःच्या पायांनी निघून जाते! टेम्पो नको, हमाल नको. आणि आपल्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाचे डॉ. लक्ष्मण देशपांडे तर 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये सबंध वऱ्हाड, बावन्न पात्रं, एकट्याच्या अंगावर घेऊन फिरले. त्यांचा प्रयोग बघताना मला पहिल्यांदा बेकार झाल्यासारखं वाटलं होतं.

आमच्यासारख्या हौशी लोकांचं ठीक आहे, पोटासाठी नोकरी होती. पण मुंबई-पुण्याहून जी नाटकं दौऱ्यावर येतात त्यांच्या पडद्यामागच्या माणसांचं पोट 'नाइट'वर असतं. जितके प्रयोग तितक्या नाइट. प्रयोग नाही तर पैसा नाही. इथं रात्री साडेबाराला पडदा पडायचा, दोनपर्यंत सेट बसवर चढायचा आणि सकाळी तीच माणसं नांदेडला किंवा परभणीला तेच घर पुन्हा उभं करायची. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली आणि मधला थोडा काळ सोडला तर ती पुन्हा नीट उघडायला २२ ऑक्टोबर २०२१ उजाडलं. त्या काळात माझ्या ओळखीचा एक जण भाजी विकत होता. फोनवर म्हणाला, "काका, धंदा सोपा आहे. फक्त भाजी पाठ फिरवून मांडायची सवय झालीय, गिऱ्हाइकाला देठच दिसतात." हसलो दोघंही. मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

आता ९७ सालची गोष्ट.

राज्य नाट्य स्पर्धेतलं आमचं नाटक. सेटवर चार फूट उंचीचा एक चौथरा, आमच्या भाषेत लेव्हल. त्याला सुट्या लाकडी पायऱ्या लावलेल्या. पहिल्या अंकात एके ठिकाणी संपूर्ण अंधार व्हायचा आणि त्या आठ-दहा सेकंदांत आमच्या मुख्य पात्रानं लेव्हलवरून उतरून खाली यायचं. विशीतला मुलगा, कॉलेजातला. तालमीत त्यानं पावलं मोजून ठेवली होती. पाच पावलं आणि मग पायरी.

अंधारात दिसावं म्हणून लेव्हलच्या काठाला आणि पायऱ्यांना आम्ही रेडियमची पट्टी चिकटवतो. बोटभर रुंदीची, अंधारात हिरवट चमकणारी. प्रेक्षकांना दिसत नाही, नटाला दिसते. त्या दिवशी कपाटाचं दार उघडेना म्हणून संध्याकाळी आम्ही पायऱ्या फूटभर डावीकडं सरकवल्या. काठाची पट्टी जुन्या जागेपुरती होती, ती काढली. नवी लावायची होती. माझ्या वहीत तसं लिहिलेलंही होतं. 'पट्टी' हा शब्द आणि त्याच्यापुढं बरोबरची खूण करायला मोकळी जागा.

पहिली घंटा झाली, दुसरी झाली. विंगेत त्या वर्षीची नवीन पोरं होती, घाबरलेली. त्यांना हसवायला म्हणून मी गोष्ट सांगायला घेतली. तीच, मघाशी तुम्हाला सांगितली ती, 'सोड'ची. पोरं तोंडावर हात दाबून हसत होती. तिसरी घंटा मीच दिली, हसत हसत.

अंधार झाला. मी पावलं ऐकत होतो. एक, दोन, तीन, चार, पाच. आणि मग धप्प असा आवाज आला.

उजेड आला तेव्हा तो त्याच्या जागेवर उभा होता. डावा हात उजव्या हातात धरलेला. त्यानं वाक्य बरोबर घेतलं. प्रेक्षकांना काही कळलं नाही. मला त्याच्या कपाळावरचा घाम दिसत होता. नाटक थांबवायचा अधिकार त्या क्षणी फक्त माझा असतो, दिग्दर्शकाचाही नाही, तो तर प्रेक्षकांत बसलेला. माझा हात पडद्याच्या दोरीवर होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान किंचित हलवली. नको. मी दोरी सोडली नाही, म्हणजे पडदा पाडला नाही. तो पाडायला हवा होता असं मला अजूनही काही रात्री वाटतं आणि काही रात्री वाटत नाही.

मध्यंतरात मनगट टरारून सुजलं होतं. नाटकातल्या एका पुस्तकाचा पुठ्ठा फाडून मी त्याच्या हाताला लावला, वरून ओढणी बांधली. तो म्हणाला, "काका, दुसऱ्या अंकात मला शालच आहे. झाकून जाईल." दुसरा अंक त्यानं शालीखाली हात धरून केला. रात्री दवाखान्यात कळलं, हाड मोडलंय.

त्याची आई आली. पैठणकडच्या एका खेड्यातून मुलाच्या शिक्षणासाठी इथं येऊन राहिलेली बाई. रागावल्या नाहीत. कॉरिडॉरमधल्या बाकावर माझ्याशेजारी बसल्या आणि अगदी साध्या सुरात म्हणाल्या, "भाऊ, त्यानं सांगितलं तुम्ही तिथंच होता म्हणून. तुमचं काय काम असतं हो तिथं?"

माझ्याकडं ठरलेलं उत्तर होतं. ते नाटक करतात, मी बघत उभा राहतो. ते तोंडात आलंही असेल, सवयीनं. मी काहीच बोललो नाही. त्यांनीच थोड्या वेळानं विचारलं, "चहा घेता का?"

हाड जुळलं, पण थोडं वाकडं. तो मनगट पूर्ण फिरवू शकत नाही. नाटक त्यानं पुढं दोन-तीन वर्षंच केलं, आता शाळेत शिक्षक आहे. नाटक बघायला मात्र येतो. पुढच्या रांगेत बसतो आणि सुरू व्हायच्या आधी विंगेच्या दिशेनं तो वाकडा हात वर करतो. मी तिथं आहे हे त्याला दिसत नसतं, माहीत असतं. मित्रांना तो ती रात्र रंगवून सांगतो. शाल, पुठ्ठा, ओढणी सगळं. ऐकणारे पोट धरून हसतात. त्याच्या गोष्टीत मी हिरो असतो. पट्टीचा उल्लेख त्यात नसतो. त्याला ठाऊक नाही असं नाही. मी स्वतः त्याला वही दाखवली होती.

तिसऱ्या घंटेनंतर मी आता विनोद करत नाही. आधी भरपूर करतो, पडदा पडल्यावर त्याहून जास्त. मधल्या वेळात विंगेत माझ्याइतका रुक्ष माणूस तुम्हाला सापडणार नाही. पोरं मला मागून 'हेडमास्तर' म्हणतात, तेही मला ऐकू येतं.

आणि आणखी एक करतो. सेट लागला, सगळं तपासून झालं की सगळे दिवे बंद करायला लावतो आणि नट ज्या वाटेनं अंधारात जाणार त्या वाटेनं आधी स्वतः चालतो. गेल्या वर्षी नाट्यशास्त्र विभागातली एक मुलगी मदतीला आली होती. माझं वय झालं, गुडघेही कुरकुरतात. मी लेव्हलवर चढलो तशी ती काळजीनं म्हणाली, "काका, मी जाते ना. तुम्ही पडलात तर?"

मी म्हटलं, "पडलो तर पट्टी कुठं कमी पडली ते लिहून घे. आणि दिवे घालव."